तुरकाट्यांचा कोळसा आणि पंचगंगेचा गाळ

पंचगंगेसाठी जेवढी आंदोलनं झाली, जेवढ्या बैठका झाल्या, त्या सगळ्या पाण्यावर झाल्या. पाण्याचा रंग, पाण्याचा वास, पाण्यावरचा फेस. गाळाचं नाव कुणी घेत नाही. मी मात्र काही वर्षांपासून गाळाच्याच मागे लागले आहे, आणि त्यापायी शेतातल्या काडीकचऱ्याच्या कोळशाच्या, म्हणजे बायोचारच्या. आज त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण हल्ली कुणी ना कुणी व्हिडिओ पाठवतं आणि खाली लिहितं, "मॅडम, हे नदीत टाकलं की पाणी शुद्ध होतं म्हणे." नदीत टाकून काही होत नाही. पण दुसरीकडं कुठं टाकलं तर होतं, आणि ते समजून घ्यायला हवं.

माझं माहेर शिरोळ तालुक्यात, नदीकाठचं. मी ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते, शेती धाकटा भाऊ बघतो. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात, पाचवी सरस्वती गुप्त मानतात, आणि तिथून पुढं ती पंचगंगा होऊन नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. अंतर फार नाही, पण या अंतरात कोल्हापूर शहराचं सांडपाणी, कारखानदारीचं पाणी, मळीचं पाणी, इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसमधलं रंगाचं पाणी, सगळं तिच्या पोटात जातं. आणि वाटेत जागोजागी बंधारे आहेत, कोल्हापूर पद्धतीचे. पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पाणी तुंबतं, शेतीला मिळतं. तुंबलेलं पाणी संथ असतं आणि संथ पाण्यात जे जे जड आहे ते खाली बसतं. मैल्याचे कण, मातीचे कण, आणि त्या कणांना चिकटून बसलेले धातू, रंग, तणनाशकं. उन्हाळ्याच्या शेवटी बरगे काढेपर्यंत हे असंच चालू राहतं. आमच्या तालुक्याच्या वाट्याला नदीचं शेवटचं टोक आलं, त्यामुळं वरच्या सगळ्यांचं ओझं आमच्या बंधाऱ्यांत.

तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला की पेपरात फोटो येतो. "कुणीतरी पाणी सोडलं" म्हणतात, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण आमच्या घाटावर जन्मभर जाळं टाकलेले एक मामा आहेत, ते मला एकदा म्हणाले, "मॅडम, नुसत्या पाण्यानं न्हाई मरत मासा. बरगं काढलं, तळ ढवळला, की मरतो. वर तोंड करून श्वास घेतोय बघा, तवाच कळतंय." हे वाक्य रसायनशास्त्राच्या दृष्टीनं अगदी बरोबर आहे, आणि मी तेव्हापासून गाळ गोळा करायला लागले.

बंधाऱ्यामागचा गाळ हातात घेऊन बघा. वरची बोटभर तपकिरी साय बाजूला केली की खाली काळाकुट्ट, लोण्यासारखा मऊ, आणि सडक्या अंड्याचा वास. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू श्वासासाठी सल्फेट वापरतात, त्यातून सल्फाइड तयार होतं आणि ते लोहाला धरून बसतं. लोहालाच नाही, शिसं, जस्त, तांबं, कॅडमियम या सगळ्यांना धरून बसतं. प्रयोगशाळेत या गाळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले आणि वर लेड ॲसिटेटचा कागद धरला की कागद बघता बघता काळा पडतो. पोरांना हा प्रयोग फार आवडतो, नाक धरून का होईना. आणि दुसरा, त्याहून साधा: गाळाचा पातळ थर वर्तमानपत्रावर पसरून ठेवायचा. सकाळपर्यंत वरचा काळा रंग जाऊन तांबूस येतो. हवेतल्या ऑक्सिजननं सल्फाइड मोडलं. म्हणजे त्यानं जे धरून ठेवलं होतं तेही सुटायला लागलं.

नदीत तळ ढवळल्यावर हेच होतं, फक्त हवेऐवजी पाण्यातला ऑक्सिजन खर्ची पडतो. मामांचा मासा वर तोंड का करतो ते यात आलं. आणि पाणी वरून कितीही स्वच्छ सोडलं तरी तळाचा हा साठा वर्षानुवर्षं थोडं थोडं परत देत राहणार, हेही यात आलं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली, तेव्हा पाण्याकडं सगळ्यांचं लक्ष गेलं, आणि ते जायलाच हवं होतं. अशी साथीची कावीळ मैलापाण्यातून येते, तिथं गाळाचा प्रश्न दुय्यम. पण धातू आणि न कुजणारी रसायनं यांचा हिशेब करायचा तर तळाशी जावं लागतं.

आता कोळसा.

हवा कमी ठेवून काडीकचरा भाजला की राख न होता कोळसा राहतो. साधारण साडेतीनशे ते सातशे अंश तापमानाला, आणि वजनाच्या चौथा ते तिसरा हिस्सा हाती येतो. मूळच्या काडीतला निम्म्याच्या आसपास कार्बन या कोळशात टिकतो आणि तो लवकर कुजत नाही. चांगल्या तापमानाला भाजलेल्या एका ग्रॅम कोळशात आतल्या छिद्रांच्या भिंती धरून दोन-तीन गुंठे क्षेत्र भरतं. एका ग्रॅममध्ये! आम्हा गुंठ्यासाठी बांधावर भांडणाऱ्या लोकांना हे आवर्जून सांगण्यासारखं आहे. या क्षेत्रावर पाण्यातली रसायनं जाऊन चिकटतात.

भावाला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आक्का, मग पाचट जाळतोयच की सगळी, तेच गोळा करू." पण आमच्याकडं मी पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याला, हात लावू दिलेला नाही. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं आणि ते खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या फुटव्यावर घेतलेल्या पुढच्या पिकात, सरीआड ठेवून कुजवलं तर जमिनीला त्याहून चांगलं काही नाही. पाणी वाचतं, तण दबतं, गांडुळं येतात. बायोचारच्या नादात कुजवायचं पाचट भट्टीत घालणं मला पटत नाही. ज्या रानात खोडवा मोडायचा आहे, जिथं ते पेटवूनच देणार आहेत, तिथलं पाचट न्यावं. एरवी तुरकाट्या, सोयाबीनच्या बुडख्या, भुईमुगाची टरफलं, मक्याची बुरकुंडं, भाताचा तूस हा माल पुष्कळ आहे.

पाचटाची आणखी एक अडचण. ते हलकं, फुगीर, भसकन पेटतं. उघड्या खड्ड्यात त्याची राखच होते, त्याला बंद डबा लागतो. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या, हे काम फार आधी केलं. पाचट बंद पिंपांत भरून ती पिंपं भट्टीत तापवायची, आणि निघालेल्या कोळशाच्या कांड्या करून चुलीला वापरायच्या. २००२ साली त्यांना त्यासाठी इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला होता. म्हणजे उसाच्या पाल्याचा कोळसा करणं ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. तो जाळण्याऐवजी पाण्यासाठी वापरायचा, एवढाच फरक.

तुरकाट्यांना मात्र साधा खड्डा पुरतो. वर रुंद, खाली निमुळता, कंबरेएवढा खोल. तळाशी नाही, वरून पेटवायचा. जाळ धरला की वर काट्यांचा एक थर. त्या थराच्या काट्यांवर पांढरी राख चढायला लागली रे लागली की दुसरा थर. वरचा जाळ हवा खाऊन टाकतो, खालच्या निखाऱ्यांपर्यंत हवा पोचतच नाही, म्हणून ते जळून जात नाहीत. सगळं लक्ष त्या पांढरेपणावर ठेवायचं. थर घालायला उशीर झाला तर राख, घाई झाली तर धूर. खड्डा भरत आला की भरपूर पाणी ओतून विझवायचा, कडेनं आणि तळापर्यंत, नाहीतर रात्रभरात सगळा कोळसा राख होतो. भाऊ या कामात आता इतका पटाईत झालाय की धुराच्या रंगावरून सांगतो काट्या किती वाळलेल्या आहेत ते.

कोळसा चांगला झाला का, हे ओळखायची खूण सोपी आहे. एक तुकडा दोन बोटांत चोळायचा आणि हात नुसत्या पाण्यानं धुवायचा. काळेपणा पाण्यानं निघून गेला तर कोळसा चांगला. ओशट राहिला, साबण लागला, तर आत डांबर आहे, काटी नीट भाजली नाही. असा कोळसा पाण्यासाठी अजिबात वापरू नये. डांबरातली बहुचक्री संयुगं स्वतःच विषारी असतात, आणि पाणी साफ करायला निघालेला माणूस पाण्यात तीच सोडून येईल. चांगला कोळसा सुद्धा धुऊन घ्यावा. पहिलं धुवण पीएच कागदावर नऊ-दहा दाखवतं, राखेतल्या क्षारांमुळं.

या नऊ-दहामुळंच शिरोळमध्ये बायोचार शेतात घाला असं मी सरसकट सांगत नाही. देशभर त्याचा प्रचार जमिनीसाठी होतो आणि आम्लधर्मी लाल मातीत, कोकणात वगैरे, त्याचा उपयोग होईलही. पण आमच्याकडं एकरच्या एकर जमीन क्षारपड आहे. लोक कर्ज काढून सच्छिद्र पाइप गाडून क्षार बाहेर काढतायत. अशा रानात आणखी अल्कधर्मी वस्तू कशाला घालायची? आमच्या तालुक्यात या कोळशाची जागा पाण्याच्या वाटेवर आहे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे हा कोळसा नेमकं काय धरतो.

इंटरनेटवरच्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत निळं पाणी असतं. कोळसा टाकला, हलवलं, गाळलं, पाणी नितळ. मीही वर्गात हे करून दाखवते. निळा रंग असतो मिथिलीन ब्लूचा. मुलं टाळ्या वाजवतात. मग मी दुसरी बाटली काढते, त्यात लाल रिॲक्टिव्ह रंग, कापडाला लावतात तो. तोच कोळसा, तेवढाच वेळ, तसंच हलवणं. गाळून बघितलं तर पाणी लालच. किंचित फिकं झालं असं म्हणायचं तर म्हणा.

कारण विद्युतभारात आहे. मिथिलीन ब्लूचा रेणू धनभारित, आणि साध्या कोळशाचा पृष्ठभाग आपल्या पाण्याच्या पीएचला ऋणभारित. दोघं एकमेकांना ओढतात. सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह रंगांवर सल्फोनेट गट असतात, ते ऋणभारित. दोघं एकमेकांना ढकलतात. इचलकरंजीत सुती कापड रंगवलं जातं. म्हणजे ज्या रंगानं कोळशाची जाहिरात होते तो रंग आमच्या नदीत नाही, आणि जो आमच्या नदीत आहे त्याच्यापुढं साधा कोळसा फिका पडतो. मुलांना मी हे मुद्दाम दाखवते. बारावीला आयनांबद्दल पानंच्या पानं वाचतात, पण दोन बाटल्या शेजारी ठेवल्यावर जो प्रश्न डोळ्यांत येतो तो पुस्तकानं येत नाही.

यावर इलाज आहे. कोळसा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात भिजवून, वाळवून, पुन्हा भाजला की त्याच्यावर लोहाची ऑक्साइडं बसतात आणि ऋणभारित रेणू धरायला जागा मिळते. आमच्या लाल बाटलीत असा कोळसा घातला तेव्हा रंग डोळ्यांना दिसेल एवढा उतरला, गेला मात्र नाही. फॉस्फेटची कथा अशीच: साधा कोळसा फॉस्फेट जवळपास धरत नाही, लोह किंवा मॅग्नेशियम चढवलेला धरतो. रंकाळ्यासारख्या तलावात पाणी हिरवं होतं ते फॉस्फरसमुळं, आणि त्याचा मोठा साठा तळाच्या गाळात असतो. तिथं तुरकाट्यांचा साधा कोळसा नेऊन टाकणाऱ्यानं श्रम वाया घालवले असंच मी म्हणेन. नायट्रेट तर हा कोळसा धरत नाही म्हटलं तरी चालेल. मीठही धरत नाही. आमच्या सच्छिद्र पाइपातून निघणारं खारट पाणी कोळशातून काढलं तरी खारटच राहणार. आर्सेनिकच्या बाबतीत तर सावध राहावं, पीएच वाढला की गाळातलं आर्सेनिक उलट सुटू शकतं.

मग धरतो काय? शिसं चांगलं धरतो. कॅडमियम, तांबं, जस्तही धरतो, थोडं पृष्ठभागावरच्या गटांना बांधून, थोडं राखेतल्या कार्बोनेट-फॉस्फेटबरोबर साका करून. घातक सहा संयुजेच्या क्रोमियमला कमी घातक तीन संयुजेचं करतो. आणि पाण्यात न विरघळणारी, चरबीत साठणारी सेंद्रिय रसायनं तर फारच घट्ट धरतो. उसात आपण ॲट्राझिन मारतो, तेही धरतो. (म्हणूनच शेतात खूप कोळसा घातला की तणनाशकाचा गुण कमी येतो, हेही लक्षात ठेवावं.) कमी तापमानाला भाजलेल्या कोळशावर धातूंना बांधणारे गट जास्त असतात, जास्त तापमानाच्या कोळशाला छिद्रं जास्त. कशासाठी हवा ते आधी ठरवायचं आणि मग भाजायचा.

गाळात कार्बन मिसळण्याचं सगळ्यात नावाजलेलं काम सॅन फ्रान्सिस्कोच्या हंटर्स पॉइंटला झालं. तिथं अमेरिकन नौदलाची जुनी गोदी, आणि तिच्या शेजारच्या खाडीच्या चिखलात पीसीबी. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असायचं ते, कुजत नाही, माशांच्या चरबीत साठत जातं. स्टॅनफर्डचे रिचर्ड लूथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २००६ च्या दरम्यान तिथं ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलात ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे कारखान्यात छिद्रं वाढवलेला कोळसा, मिसळला, चक्क तराफ्यावर बसवलेल्या रोटाव्हेटरनं. पीसीबी तिथंच राहिलं, पण गाळाच्या कणांमधल्या पाण्यात ते कमी झालं आणि त्यामुळं शिंपल्यांच्या अंगात कमी गेलं. त्या कामात असलेले उपल घोष पुढं मेरिलँडला गेले आणि त्यांनी कार्बनच्या बुडणाऱ्या गोळ्या तयार करायची पद्धत आणली, म्हणजे चिखल ढवळायची गरजच नाही. पाण्यावरून गोळ्या पसरायच्या, त्या तळाशी जाऊन फुटून विखुरतात, आणि किडे-गांडुळं कार्बन आपोआप खाली मिसळतात. डेलावेअरमधल्या डोव्हरच्या मिरर लेकमध्ये २०१३ साली असं केलं.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विष काढलं नाही, नष्टही केलं नाही. ते सजीवांच्या तोंडी लागेनासं केलं. ज्या तळाशी सगळा गाळ उपसून नेणं शक्य नाही, नेला तर टाकायचा कुठं हा प्रश्न, आणि उपसताना ढवळून अर्धं विष खाली वाहून जाणार, तिथं हा मार्ग शहाणपणाचा आहे.

पण त्याचीही किंमत आहे. नॉर्वेत ग्रेनलँड फ्योर्डमध्ये २००९ मध्ये डायॉक्सिन हे घातक, न कुजणारं रसायन असलेल्या तळावर मातीत कालवलेला बारीक कार्बन पसरला. डायॉक्सिन वर येणं बरीच वर्षं कमी राहिलं, मात्र तळाशी राहणाऱ्या जीवांच्या जाती आणि संख्या दोन्ही घटल्या. बारीक कार्बन अन्नातलं पोषणही धरून ठेवत असावा. त्यामुळं कुणी गाव पातळीवर उत्साहानं पोत्यानं कोळसा ओढ्यात ओतायला निघालं तर मी अडवते. तळाशी राहणारे किडे, गोगलगाई, शिंपले हे नदीचंच अंग आहे.

शिवाय हे सगळे प्रयोग बहुतांशी ॲक्टिव्हेटेड कार्बनचे आहेत. तो दगडी कोळशापासून किंवा नारळाच्या करवंटीपासून करतात, आठशे-नऊशे अंशाला वाफ देऊन, आणि महाग असतो. काडीकचऱ्याचा बायोचार त्याच्या तुलनेत किलोमागं कमी धरतो, पण स्वस्त आणि गावातला. जास्त घालावा लागतो, इतकंच.

किती जास्त, त्याचा मी हिशेब मांडला. गाळाच्या वरच्या दहा सेंटिमीटरच्या थरात कोरड्या वजनाच्या दोन ते पाच टक्के कार्बन मिसळतात. तीन टक्के धरा. एका चौरस मीटरला दोन-अडीच किलो कोळसा. एकरभर तळाला साधारण दहा टन. दहा टन कोळशाला पस्तीस-छत्तीस टन वाळलेला काडीकचरा. म्हणजे नदीच्या एक एकर तळासाठी दहा एकर उसाचं सगळं पाचट. बंधाऱ्यामागचा फुगवटा किती मैल जातो ते आठवा. आणि एवढं करून वरून रोज नवं मैलापाणी आणि रंगाचं पाणी येतच राहिलं, तर पुढच्या पावसाळ्यात त्यावर नवा थर बसणार. हंटर्स पॉइंटला आधी विष येणं थांबलं होतं, मग कार्बन टाकला. हा क्रम उलटवता येत नाही. पंचगंगेच्या मुख्य पात्रात आज बायोचार टाकण्यात अर्थ नाही, हे मी ठामपणे सांगते. ज्या दिवशी प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी शुद्धीकरण चालू असेल, त्या दिवशी तळाचा विचार करू.

केंदाळाबद्दल बरेच जण विचारतात. नदीतलं केंदाळ काढून त्याचाच कोळसा करून नदीला परत द्यायचा, ऐकायला छान. पण केंदाळात नव्वद-पंचाण्णव टक्के पाणी. वाळवायला जागा आणि दिवस लागतात. आणि केंदाळ स्वतः पाण्यातले धातू शोषून घेतं, ते भाजल्यावर कोळशातच राहतात. काढणं जरूर काढावं, पण त्याचा कोळसा तपासल्याशिवाय कुठंही वापरू नये.

आज आपल्या हातात काय आहे, तर दोन गोष्टी.

पहिली, नदीला मिळायच्या आधीचं छोटं पाणी. आमच्या गल्लीच्या गटारीचं पाणी ओढ्यात जायचं. तिथं भावानं आणि दोन शेजाऱ्यांनी मिळून चर खोदला. आधी एक टाकी, त्यात साबणाचा ओशटपणा आणि खरकटं बसतं. ही टाकी नसेल तर पुढचं सगळं महिन्याभरात तुंबतं. मग मोठी खडी, मग बारीक खडीत कालवलेला तुरकाट्यांचा कोळसा, वर कर्दळ. कोळसा आधी दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवला, नाहीतर तो तरंगतो. पहिल्या आठवड्यात फारसा फरक नव्हता. कोळशावर जिवाणूंचा थर धरल्यावर वास गेला, आणि बाटलीत धरलं तर पलीकडचं अक्षर वाचता येईल एवढं पाणी स्वच्छ निघायला लागलं. हे काम निम्मं कोळशाचं, निम्मं जिवाणू आणि कर्दळीच्या मुळांचं. ते पाणी पिण्याजोगं नाही, हे मी तिथं पाटी लावून सांगितलंय. पण ओढ्याला जाताना त्यातला मैला कमी झालेला असतो. पावसाळ्यात ओढा चढला की चर बुडतो, आणि उतरल्यावर वरची खडी उकरून धुवावी लागते. शेजारच्या काकूंनी ते काम आपणहून अंगावर घेतलंय, कर्दळीची पिवळी फुलं त्यांना देवाला हवी असतात.

दुसरी गोष्ट गाळाची, आणि ही मला जास्त काळजीची वाटते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आपल्याकडं आहे. तलावातला गाळ काढून शेतात टाकायचा. दुष्काळी भागातल्या पाझर तलावांसाठी उत्तम योजना, तिथला गाळ म्हणजे वाहून आलेली सुपीक माती. पण औद्योगिक वसाहतीखालच्या किंवा शहराखालच्या ओढ्यातला काळा गाळही लोक त्याच भावनेनं ट्रॉलीनं नेतात. काळा आहे म्हणजे कसदार, असं समजतात. तो शेतात पसरला, वाळला, की वर्तमानपत्रावर झालं तेच होतं: सल्फाइड मोडतं, धातू सुटतात, आणि यावेळी ते नदीच्या तळाशी नाही, भाजीच्या मुळाशी असतात. कॅडमियम तर पालेभाजी आवडीनं उचलते.

अशा गाळात पसरण्याआधी बायोचार मिसळला तर पिकात जाणारं कॅडमियम आणि शिसं कमी होतं, यावर पुष्कळ संशोधन झालेलं आहे, आणि माझ्या मते आपल्या भागात बायोचारचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे. गाळ ओढ्याच्या काठावर ढीग करून ठेवायचा, तिथंच कोळसा कालवायचा, दोन-तीन महिने तसाच मुरू द्यायचा, मग तपासून घ्यायचा. धातू थोडे असतील तर जनावराचा चारा किंवा भाजी न लावता उसाच्या, बांधाच्या, झाडांच्या कामी आणायचा. धातू जास्त असतील तर कितीही कोळसा घातला तरी तो शेतात न्यायचा नाही. माती परीक्षणाच्या नेहमीच्या अहवालात नत्र, स्फुरद, पालाश येतं, कॅडमियम-शिसं येत नाही. ते वेगळं सांगून, वेगळे पैसे भरून करून घ्यावं लागतं. ट्रॉलीभर गाळाच्या भाड्यापुढं ते पैसे फार नाहीत, हे मी ज्याला त्याला सांगत असते.

आमच्या चरातला कोळसा आता बदलायला आलाय. भावाचं म्हणणं, "आक्का, एवढं खत प्यालेला कोळसा, केळीला घालू की." घरगुती गटारीचं पाणी आहे, त्यामुळं त्याचं म्हणणं बरोबर निघण्याचीच शक्यता जास्त. तरी वरच्या आळीत बॅटरी दुरुस्तीचं एक दुकान आहे आणि त्याचं धुवण याच गटारीत येतं, म्हणून मी नमुना शिशासाठी प्रयोगशाळेत पाठवलाय. शिसं नसेल तर तो कोळसा शेणखतात घालून कुजवू आणि मग केळीला देऊ. असेल तर तो वेगळा ठेवावा लागेल, आणि आधी त्या दुकानाच्या पाण्याची सोय बघावी लागेल. दुकानदाराशी बोलणं झालंय, त्याची तयारी आहे.